पाखरांचा पंचनामा

आमच्या व्याह्यांइतका कायदेशीर पक्षीनिरीक्षक साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या व्याह्याची मला आत्तापासूनच कीव येते. व्याही म्हणजे आमच्या धाकटीचे सासरे. सारी नोकरी तलाठी म्हणून काढली, त्यातली निम्मी राजूरच्या डोंगरांत, आणि निवृत्त झाल्यावर केडगावात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर बांधलं. निवृत्त माणूस देवळात जातो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. यांनी लांब नळकांड्याचा कॅमेरा घेतला आणि रोज सकाळी सहाला कॉलनीच्या बागेत पाखरं टिपायला लागले. तेही एक वेळ चाललं असतं. पण तलाठ्याला नुसतं पाखरू दिसून भागत नाही, त्याचा पंचनामा लागतो.

म्हणजे कसं, ते सांगतो. यांच्या काखेत एक लांबट वही असते. समजा, तांबट दिसला. आधी फोटो, मग वहीत तारीख, वेळ, झाडाची जात आणि चतुःसीमा. पूर्वेस घसरगुंडी, पश्चिमेस बंद कारंजं, उत्तरेस बाकडं, दक्षिणेस शौचालय. खाली, 'सदर पक्षी आम्ही समक्ष पाहिला असून तो राजीखुशीने बसलेला होता,' आणि त्याखाली पंचाची सही. पंच अर्थातच मी. पाखराला पंच कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तर म्हणाले, "व्याहीबुवा, एकट्यानं बघितलेलं खरं कशावरनं? उद्या मीच म्हनायचो, भास झाला हुता." मी पेन काढलं आणि सही केली.

फोटोंचं म्हणाल, तर त्यात बहुतेक वेळा नुसती फांदी असते. कारण बटण दाबण्याआधी व्याही पाखराला रीतसर सूचना देतात, "हं, घेतो आता." साहेबलोकांबरोबर ग्रुप फोटो काढून काढून लागलेली सवय. पाखरू ऐकतं आणि जातं. व्याही तो फोटो मोठा करून बघतात आणि समाधानानं म्हणतात, "फांदी हलतीया, बघा. आत्ताच गेलाय."

आता माझी अडचण. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण कावळा, चिमणी आणि कबूतर सोडून चौथा पक्षी मला झाडात कधी सापडलेला नाही. व्याही बोट दाखवतात, "ती दुसरी फांदी, तिथनं डावीकडं पिवळं पान, त्याच्यावर शिंपी हाय." मी बघतो, तर फांद्या पन्नास आणि पिवळी पानं पाचशे. एकदा तर मी बराच वेळ एका शेंगेकडे आदरानं बघत उभा होतो. पण ज्यांच्या घरी आपली लेक नांदते, त्यांना सकाळी सकाळी 'नाही दिसला' कसं म्हणायचं? व्याह्यांनी आग्रहानं वाढलेली जिलबी आपण पानात टाकतो का? तसंच हे. "वा, काय देखणा आहे हो," म्हणायचं आणि सही ठोकायची. अशी तीन वर्षं गेली, तीन वह्या भरल्या. मी 'पाहिलेल्या' पक्ष्यांची यादी एकदा बायकोच्या हाती लागली. ती म्हणाली, "तुम्हाला फ्रिजमधली कोथिंबीर दिसत नाही."

यंदाच्या मे महिन्यात मात्र गंमत संपली. मेंदीच्या कुंपणाखाली व्याह्यांना नवरंग दिसला. हा जंगलातला पक्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी लांबून येतो आणि वाटेत कुठंतरी दमून उतरतो म्हणे. व्याही इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसले. आवाज अगदी खाली आला होता. "राजूरला असताना ह्याला लई शोधला. शीळ ऐकली, दिसला न्हाई कधी. आन् आज हा आपनहून आलाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाकून बघितलं. वाळलेली पानं होती आणि वेफर्सचा एक रिकामा पुडा उन्हात चमकत होता. त्यातही रंग पुष्कळ होते. मी गोंधळलो, आणि नेहमीप्रमाणे सही केली.

त्या रविवारी नगरमधल्या पक्षीमित्रांची बैठक होती. व्याह्यांनी तिथं नवरंग जाहीर केला. फोटोत एक अंधुक पट्टा होता आणि पुडा मात्र स्वच्छ आला होता. मंडळी भली होती. "काका, पुडाच वाटतोय," असं हळूच म्हणाली. व्याह्यांनी शांतपणे वही उघडून समोर ठेवली. "माझ्या एकाबी पंचनाम्यावर आजवर कुनी हरकत घेतली न्हाई. पंच हजर हाय, इचारा." अध्यक्षीण बाई माझ्याकडे वळल्या. पाहतो तर माझीच जुनी विद्यार्थिनी. प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहायचं, हे मीच तिला आठवीत बजावलं होतं. "सर, तुम्ही पाहिलात ना?" ती म्हणाली. तुम्ही म्हणालात की आम्ही मानू, असा तिचा चेहरा. एका बाजूला व्याही, एका बाजूला ती. जीभ कशी वळली, मला माहीत नाही. "नाही," मी म्हणालो. "मला काही दिसलं नव्हतं." आणि एकदा बांध फुटल्यावर पुढचंही बोलून गेलो, "तीन वर्षांत काहीच दिसलेलं नाही."

परतीला मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. उड्डाणपूल ओलांडल्यावर त्यांनी वेग कमी केला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "म्हंजे तीन वर्सं मी एकटाच बघत हुतो म्हना की." रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी बागेत गेलो. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण बाकड्यावर बसलेले होते. वही नव्हती. मी शेजारी बसलो. बराच वेळ झाला आणि समोरच्या जास्वंदीवर काहीतरी हललं. काळं डोकं, त्यावर तुरा, शेपटीखाली लाल ठिपका. ते मला अगदी स्वच्छ दिसलं. तीन वर्षांत मी त्यांना कधी विचारूच शकलो नव्हतो, कारण मला सगळंच दिसत होतं ना. "हा कोण हो?" मी विचारलं.

व्याह्यांनी आधी पाखराकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "बुलबुल," ते म्हणाले. "ह्याच्यावर तुमच्या शंभरेक सह्या हायत."

आम्ही दोघंही हसलो. पण नवरंगाचा विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही. तो होता की पुडा होता, हे मला कळत नाही आणि आता कळणारही नाही. खरंच आला असेल, तर एका माणसानं जन्मभर शोधलेला पक्षी माझ्यापासून चार हातांवर होता, आणि मी सही कुठं करायची ते बघत होतो.