वईपलीकडची माती

पोरांनो, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. आणि गंमत अशी, की आठवलं की आधी हसूच येतं. लाज मागाहून येते.

कोरगावचं आपलं परस आठवतं ना? मध्ये काट्याकुट्यांची वई. अलीकडे माझी वांगी, पलीकडे माझ्या धाकट्या जावेची — तुमच्या शालनआजीची. माझ्या ओळी दोरी लावून आखलेल्या. वाळकं पान दिसलं की उचललं, अळी दिसली की औषध मारलं. शालनचा कारभार उलटा. पाला पडे तिथेच कुजे, मासळी धुतलेलं पाणीही तिथेच. औषधाचं विचारलं, तर पाय पसरून म्हणायची, "कोण फवारतला गे वैनी!" मी शाळेत सायन्स शिकवणारी — तिला हसायचे.

तरी पानं चाळणी व्हायची ती माझीच. तिच्या पानांवरच्या अळ्या मात्र काळ्या, मऊ पडून लोंबकळत असायच्या — मेलेल्या! असं का?

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा शेतीच्या प्रयोगशाळेत होता. तो म्हणाला, अळ्या आपोआप मरतात त्या जागची माती आणा. आपल्याच मातीतले जिवाणू त्यांना मारत असतील, तर ते वाढवून गावाला देता येतील. शालन दुपारची निजली होती. मी वईतून हात घातला. मूठभर तर माती — तिला काय उठवायचं?

इथवर ठीक होतं. पण त्याने विचारलं, "बाई, कुणाच्या परसातली?" आणि मी — सांगतेच आता — मी म्हणाले, "माझ्या."

जिवाणू सापडले! ते वाढवून, पाण्यात कालवून गावभर फवारले. त्या साली वांगी काय आली म्हणून सांगू! टोपल्या पुरेनात, घरोघरी भरली वांगी आणि काप, मुलं कंटाळून रडायला लागली. देवळाच्या मंडपात मला शाल-नारळ दिला. सगळ्यात मोठ्याने टाळ्या कुणी वाजवल्या असतील? शालनने! "माझी वैनी ती!" असं ती दिसेल त्याला सांगत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वईपाशी घमेलं घेऊन हजर. "वैनी, तुझी थोडी माती दी गे. माझ्या आळशी मातयेक शिकूंदे कायतरी!"

तेव्हा सांगता आलं नसतं? दोघीच तर होतो. ती हसत होती. मीही हसले — आणि घमेलं भरून दिलं. वर्षानुवर्षं औषध प्यायलेली माझी माती, तिच्या त्या गुणी मातीत घालायला. तिने ती एका कोपऱ्यात नीट पसरली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी नीट!

शालन आता वाकली आहे. वांगी तशीच — चकचकीत, टणक. अजूनही तोडण्याआधी ती त्या कोपऱ्याला हात जोडते, आणि पहिली दोन वईवरून माझ्या हातात ठेवते. "तुझ्याच मातयेची गे, वैनी."

मी घेते. आज सकाळीही घेतली.