विहिणीच्या घरचा भात
गरम भातावर तूप पडलं की वास सुटतो, त्यानं मला अजून लेकीच्या सासरचं ते पहिलं जेवण आठवतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. गुडघे धरायचे म्हणून आदिलाबादच्या डॉक्टरनं वजन उतरवायला सांगून माझी भाकर, भात, साखर बंद केली होती. वर्षभर अंडी, मटण आणि पालेभाज्यांवर राहून मी अंगानं निम्मी झाले होते. नेरडीगोंड्याला, लेकीच्या सासरी, विहीणबाईंनी ताटात भाताचा ढीग वाढला. मी नुसती वांग्याची भाजी खात होते. "काऊन वो इहीनबाई, आमच्या घरचा भात आवडून नाही राह्यला का?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं बंद केला," मी म्हटलं. "मंग डॉक्टर काय इथं पाहाले येऊन राह्यला?" पंगतीतल्या बायका हसल्या. दारात उभी माझी लेक हसली नाही. मी गेल्यावर सगळं तिलाच ऐकून घ्यावं लागणार होतं. मी भात कालवला आणि सगळा खाल्ला. तो इतका गोड लागला की पुढं कित्येक दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होते, हात सारखा पातेल्याकडे जायचा. वजन काही मी परत चढू दिलं नाही. पण तेव्हापासून लेकीकडे जाते ती त्यांची जेवणं उरकल्यावरच.