गुरम्माने काढलेला रिवाज

भवानी पेठेत राहून गुरम्मा बांगडीवालीला न ओळखणारा माणूस एक तर बहिरा असावा, नाही तर कालच सोलापुरात उतरलेला. डोक्यावर टोपली घेऊन ती मराठीत हाळी द्यायची, कन्नडमध्ये भाव सांगायची आणि तेलुगूत भांडायची. पेठेतल्या झाडून साऱ्या बायकांचे हात तिने भरले होते. स्वतःचे तेवढे मोकळे. नवरा ऐन तरुणपणी गेला, त्या दिवशी शेजारणींनी तिच्या बांगड्या फोडल्या. हिरव्या बांगड्यांचा तिला लहानपणापासून सोस. दुपारी दार लोटून ती चार बांगड्या मनगटावर चढवायची, हात हलवून किणकिण ऐकायची आणि सासूची, नागव्वाची, काठी वाजली की घाईघाईने उतरवायची. दिवसभर काचेत हात घालायचे आणि काच ल्यायची नाही, याला छळ नाही म्हणायचं तर काय?

बहात्तरच्या दुष्काळात करमाळा-केमकडची माणसं गावं सोडून शहरात आली आणि माळावर पालं ठोकून राहिली. त्यांची सेवा करायला परदेशातून मिशनची एक तुकडी महिनाभरासाठी आली. दूध पावडर, सुकडी, खरजेचं मलम आणि पेटीवर म्हणायची गाणी, असा सगळा सरंजाम. दुभाषी म्हणून नगरकडचे एक पाद्रीसाहेब. कुठल्या पालात कोण आजारी, हे बांगडीवालीइतकं कुणाला ठाऊक असणार? पाद्रीसाहेबांनी गुरम्माला सोबत घेतलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तुकडीतल्या पोरी मोकळ्या हातांच्या, मोकळ्या कपाळांच्या. केमची रंभाबाई दुधाचा पेला हातात घेऊन रडायलाच लागली.

"अगं बया! एवढ्याशा पोरी, आन समद्यांचंच कुकू पुसलं? आमचं काय, पाऊस पडंल, आमी घरला जाऊ. ह्यास्नी कोण हाय?" तिने पेला रूथ नावाच्या पोरीपुढे धरला. "पी माय, तू आदी पी."

सेवा करायला आलेल्या रूथला त्या दिवशी पालापालातून दूध पाजण्यात आलं. पाद्रीसाहेब समजावून थकले, पण ऐकतंय कोण! शेवटी गुरम्माने टोपली उतरवली आणि साऱ्या पोरींचे हात हिरव्यागार बांगड्यांनी भरून टाकले. तेव्हा कुठे बायकांच्या घशाखाली दूध उतरलं.

रूथला बांगड्यांचं वेडच लागलं. हात दाबून, अंगठा आत मुडपून, काच न फोडता बांगडी कशी भरायची हेही ती गुरम्माकडून शिकली. तिथेच गुरम्माच्या डोक्यात किडा वळवळला.

निरोपाच्या दिवशी गुरम्माच्या दारात सगळी गल्ली जमली. नागव्वा ओट्यावर बसली होती. रूथने पाद्रीसाहेबांकरवी विचारलं, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, मी तुम्हाला काय देऊ?

गुरम्माने चेहरा अगदी भोळा केला. "सायेब, तिला सांगा, आमच्यात रिवाज हाय. जाणाऱ्या पाहुणीनं घरच्या बाईचं हात भरायचं. न्हाय भरलं तर परवास सुकाचा होत न्हाय की."

असला रिवाज सोलापुरात काय, त्रिभुवनात नव्हता. पाद्रीसाहेब घुटमळले. त्यांनी गुरम्माच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. पाद्र्याला खोटं बोलायची बंदी असते, भाषांतर करायची नसते. त्यांनी शब्दन् शब्द रूथला सांगितला.

रूथने आनंदाने टोपली पुढे ओढली. एक एक हिरवी बांगडी मनगटावर सरकत गेली. गुरम्माला वाटलं होतं आपण हसू दाबत बसू, पण तिला रडूच फुटलं.

"आगं, आगं, हे काय चाललंय?" नागव्वाने काठी आपटली.

"मी काय करू अत्ती? पाहुणी देवासारकी. तिचं मन मोडू व्हय? आन भरलेली बांगडी आपल्या हातानं काडू न्हाय, तुमीच सांगता की."

हे मात्र नागव्वा गल्लीतल्या दर नव्या सुनेला खरंच सांगायची. गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मिशनची जीप निघून गेली.

पुढे कितीतरी दिवस नागव्वा सुनेशी बोलली नाही. तोंड फिरवून भाकरी खायची. गुरम्माही काही कमी नव्हती, मुद्दाम बांगड्या खणखणवत भाकरी थापायची. मग एका संध्याकाळी म्हातारी टोपलीपाशी येऊन टेकली. तिने हिरव्या बांगड्यांवरून बोटं फिरवली, स्वतःच्या सुरकुतलेल्या, कित्येक वर्षं मोकळ्या राहिलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"गुरम्मा, ती गोरी पोरगी परत कदी यायची हाय गं?"