ठणठणीत घारीवर उपचार

हसू नगा म्हटलं तरी तुमी हसणारच, म्हणून आधी चहा संपवा. न्हाईतर नाकातनं यील! एका चांगल्या धडधाकट घारीवर म्या उपचार केले, त्याचा ह्यो किस्सा.

फौजेतनं रिटायर होऊन कुंडलला आलो, तर परसातल्या कडुलिंबावर घारीचं घरटं! लय बरं वाटलं. लहानपणी घार दिसली की आई ताटली बडवत पळायची, कोंबडीची पिल्लं डालग्याखाली ढकलायची. आता कोंबड्या न्हाईत, आई बी न्हाई. घार तेवढी हाय.

आन उन्हाचं तर इचारूच नगा! पूर्वी होळीपतोर आमी वाकळ घेऊन झोपायचो. आता होळीच्या आधीच स्लॅबवर पाय ठेववत न्हाई. घार बिचारी जुन्या हिशोबानं अंडी घालती, आन पिल्लं निघतात ती थेट भट्टीत.

त्या दुपारी स्लॅबवरनं बघतो तर काय? घार घरट्यात उभी, दोन्ही पंख पसरलेले, चोच वासलेली. हलंना का डुलंना! म्हटलं, हिला लकवा मारला. लगेच ऑर्डर सोडली.

"बापू, फवारणीचा पंप आण!"

शेजारचा बापू पंप पाठीला लावूनच आला. "तात्या, कुणाला तरी इचारूया का?"

"इचारत बसलास तर मरंल ती! मार पाणी!"

फवारा सुटला, तशी लकवा मारलेली घार फाडकन उडाली.

"बघितलंस? एका डोसात बरी!"

तवर माझी थोरली बहीण, आक्का, वर आली. घरट्याकडं बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आरं मुडद्या, पिल्लावर सावली धरून उभी हुती ती! तू तान्हा असताना भुईमुगाच्या रानात आई अशीच पदर धरून उभी ऱ्हायची. तिला काय लकवा मारलावता व्हय?"

म्या परत घरट्याकडं बघितलं. घरट्यात भुरकट कापसाचा गोळा मान टाकून पडलेला, वर ऊन रणरणतंय. आन त्याची आई वरनं घिरट्या घालतीय, माणसं बघून उतरंना.

"समदी आत व्हा!" जमलेल्या गल्लीला म्या हाकललं. परत कुणी यायला नको म्हणून सवता खाली उतरून बुंध्यापाशी पहाऱ्याला उभा ऱ्हायलो, टॉवेल फिरवत. तरी घार उतरंना! मला वाटलं, रुसली.

खिडकीतनं आक्का किंचाळली, "आरं, आता तूच तेवढा ऱ्हायलायस! हाल की तिथनं!"

हललो. पर दोन-चार पावलांतच डोळ्यांपुढं अंधारी आली, आन दाणकन आडवा.

शुद्धीवर आलो तवा सोप्यात पडलोवतो, डोक्यावर ओलं फडकं. "आली रं ती," आक्का म्हणाली, "पिल्लू चोच वासून खायला मागतंय." खरं सांगतो, मला रडूच फुटलं.

तेवढ्यात दारात सांगलीचा पक्षीमित्र! बापूनं घारीसाठी मघाशीच फोन करून बोलावलेला. हातात पाखरू न्यायचा भोकाभोकांचा खोका.

"पेशंट कुठाय?"

आक्कानं माझ्याकडं बोट केलं.

त्यानं मला बघितलं, खोक्याकडं बघितलं. म्हणाला, "ह्ये काय ह्यात मावायचे न्हाईत."