सातव्या पुलापलीकडचं स्वयंपाकघर

माझा धंदा लोकांना सांगायची माझ्या वडिलांना लाज वाटायची. हैदराबादच्या काचीगुड्यात आमच्या ओळखीच्या घरांतली मुलं वकील, सरकारी खात्यात, नाहीतर कॉलेजात शिकवणारी. त्यात गणिताच्या मास्तरांची एकुलती एक मुलगी व्हिडिओ गेम बनवते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कोणी विचारलंच तर बाबा म्हणायचे, "कंप्युटरमध्ये आहे," आणि चहाचं बघायला आत जायचे. मला राग यायचा. मी मुळात रागीटच बाई आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आई गेली तेव्हा आम्ही रुळांच्या कडेच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होतो. वर्षभरात मालकानं ते पाडून अपार्टमेंट बांधायला काढलं. बाबा त्याच गल्लीत एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसजवळ. तिकडं माझ्या मजल्यावर आठ दारं आहेत. चार वर्षांत त्यांतल्या एकाही दारातल्या माणसाचं आडनाव मला कळलं नाही, आणि त्यांनीही माझं विचारलं नाही. रविवारी मी बाबांकडे जायची. बाकीचे सहा दिवस ऑफिसात चाळीस जण कानांवर हेडफोन चढवून बसायचो आणि समोरच्याला उठवायचं असलं तरी मेसेज टाकायचो.

आमचं ऑफिस बाहेरदेशीच्या एका मोठ्या कंपनीच्या गेमचं काम करत होतं. हा एकट्यानं खेळायचा गेम होता. टीव्हीसमोर बसायचं आणि एक लांबलचक गोष्ट स्वतःच्या हातानं पार पाडायची. असा एक गेम करायला शेकडो माणसं आणि चार-पाच वर्षं लागतात. आमच्या वाट्याला त्याचा शेवटचा भाग आला होता. लढाई संपवून एक बाई आपल्या घरी परत चालली आहे, मध्ये एक खोरं, खोऱ्यात सात पूल, आणि सातव्या पुलापलीकडे तिचं घर. माझं काम प्रमाण ठरवायचं. किती चालायचं, किती थांबायचं, काय किती गोळा करायचं. प्रत्येक पुलावर मी एक म्हातारा रंगारी बसवला होता. त्याला सहा निळी फुलं आणून दिली की तो वाट सोडायचा. पुलाचा नि फुलांचा संबंध काय, असं गेममध्ये विचारायचं नसतं.

शेवटी घर येतं एवढंच कागदावर लिहिलेलं होतं. घर कसं, ते कोणी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, मी बघते. आणि त्या घरात मी आमच्या आईचं स्वयंपाकघर बसवलं. आई ठेंगणी, म्हणून बाबांनी गवंड्याकडून ओटा चार बोटं खाली घ्यायला लावला होता. तो तसाच खाली घेतला. डावीकडे खिडकी, खिडकीशेजारी काडेपेटीचा कोनाडा, समोर डब्यांची मांडणी. आमच्याकडे गाडी गेली की डब्यांची झाकणं थरथरायची. गेममध्ये रेल्वे कुठून आणणार, म्हणून वारा आला की झाकणं वाजतील अशी सोय केली. आत कोणी माणूस ठेवायला मिळालं नाही. माणूस म्हटलं की आवाज, चेहरा, हालचाल, सगळंच वाढतं, तेव्हा नको म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मी कधी कधी ते स्वयंपाकघर पडद्यावर उघडायची आणि आत नुसती उभी राहायची.

ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता. फक्त बाबांना फोनवर सांगितलं, की शेवटी आईचं स्वयंपाकघर आहे. बाबांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "तिथपर्यंत जायला काय करावं लागतं?"

"गेम खेळावा लागतो."

"मग शिकव."

मला हसू आलं. तेव्हा गेम बाजारात यायला आणखी आठ महिने होते.

त्या आठ महिन्यांत जे झालं ते माझ्या हातानं झालं. जी कंपनी गेमवर पैसा लावते, तिचं म्हणणं आमच्याकडे ब्रह्मवाक्य. दर मंगळवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल असायचा. तिकडची बाई बोलायला साखरेसारखी. ती म्हणाली, तुमच्या खोऱ्यात खेळणारा फार सुखात आहे. मला वाटलं, कौतुक करते आहे. तर नाही. तिला तो सुखात नको होता. गेममध्ये एक दुकान ठेवणार होते, त्यात तयार फुलांचा गठ्ठा विकायचा होता. गोळा करता करता माणूस कंटाळला, तरच तो गठ्ठा घेणार. म्हणजे ज्यानं आधीच पुरे पैसे मोजून गेम घेतला, त्याला आतून छळायचं आणि मग छळातून सुटायचे वेगळे घ्यायचे.

मी म्हणाले, घरी चाललेल्या माणसाला असं अडवू नये. तिनं मान डोलावली, फार सुंदर मुद्दा आहे म्हणाली, आणि पुढच्या पानावर गेली. कॉल संपल्यावर आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. पक्के हैदराबादी माणूस. "जाने दो जी, परेशान नक्को हो," म्हणाले. आपण नाही म्हटलं तर काम दुसऱ्या गावी जाईल आणि चाळीस जण घरी बसतील. त्यांचंही खोटं नव्हतं. मी मूग गिळले, सहाच्या पुढे एक शून्य टाकलं, फुलं पुन्हा उगवायचा वेळ वाढवला आणि फाइल बंद केली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

गेम आला. मी बाबांकडे मशीन बसवून दिलं. पहिले पंधरा दिवस त्यांची नायिका भिंतीत तोंड घालून चालत होती. मला बघवायचं नाही, मी रिमोट ओढून घ्यायला जायची, ते हात बाजूला करायचे. पण मास्तर माणूस, एकदा धरलं की धरलं. आषाढ संपेपर्यंत त्यांना सगळं जमायला लागलं.

एका रविवारी जरा लवकर पोचले, तर बाबा न्हाऊन, धुतलेला सदरा घालून, देवाजवळ दिवा लावून खुर्चीत बसत होते. चपला दाराशी. गेमचा रिमोट त्यांनी स्वच्छ फडक्यानं पुसला आणि मांडीवर घेतला. मी दारातच थांबले, कारण हे सगळं मला पाठ होतं. बाबा दर वर्षी पोथीचं पारायण करत. ठरलेली वेळ, ठरलेली बैठक, मध्ये उठायचं नाही, ओळ गाळायची नाही, आणि काही कारणानं मोडलंच तर पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, हा गेम आहे," मी म्हटलं.

"असू दे. तिच्या घरी जायचंय ना? मग नीट जातो."

श्रावणाच्या सुरुवातीला ते खोऱ्यात आले. पहिल्या पुलाला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी एक तास, पाच-सहा फुलं. पडद्यावर मधूनमधून दुकानाची पाटी यायची, ती ते डासासारखी हाकलायचे. शेवटी विचारलंच, हे काय सारखं सारखं दाखवतात. मी सांगितलं की विकत घेतली की फुलं लगेच मिळतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना पोथीची पानं फाडा म्हणाले.

"तू एकेक फूल लावलंस आणि मी विकत घेऊन पुढे जाऊ? नक्को." मग जरा वेळानं म्हणाले, "आधी मला वाटायचं, एवढं कशाला ठेवलंय हिनं. आता कळतं. झटकन पोचलो असतो तर वाटेत तिची एवढी आठवण झाली नसती. फार विचार करून केलंयस, बाई."

माझे कान तापले. तेव्हाच सांगायचं होतं. पण उभ्या जन्मात त्यांनी माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, आणि ते मला सोडवेना. खरं कारण एवढंच. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वकीलसाहेबांना ते स्वतःहून सांगत होते, की आमची मुलगी गेम बनवते, पण त्यात संयम शिकवते. मी आत भांडी घासत होते, तिथं ते ऐकू आलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. पुढच्या पुलांवर फुलं आणखी सावकाश उगवायची, तेव्हा चारच पूल झाले. दिवाळीतच चहाचा कप बशीवर वाजायला लागला. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, बोटं एकमेकांना लावायला लावली आणि गोळ्या लिहून दिल्या. हाताचा कंप वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा सावकाश वाढेल, असं म्हणाले. घरी येताना रिक्षात बाबा उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. मी दुसरीकडे बघत होते.

पाचव्या पुलाला महिना लागला. नायिका फुलाजवळ पोचायची, बाबांचा अंगठा बटणावरून घसरायचा आणि ती पुढे निघून जायची. ते तिला पुन्हा वळवायचे. "हल्लू, हल्लू," तिला म्हणायचे, की स्वतःला, कोण जाणे. मी शेजारी बसून मनात हिशोब करायची आणि तो कुठल्याही बाजूनं बसायचा नाही. त्या चालीनं ते पोचणार नव्हते. आमच्या ऑफिसातून ते स्वयंपाकघर फोनवर आणून दाखवते म्हटलं तर नको म्हणाले. आधीच शेवट बघायचा तर मग इथवर आलो कशाला, म्हणाले.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी बाबा तीळ आणायला खाली गेले. सहावा पूल चालू होता. मी रिमोट उचलला, दुकान उघडलं आणि फुलांचा गठ्ठा घेतला. ज्याच्यासाठी मी ते शून्य टाकलं, त्याच दुकानातून. वाटलं, त्यांच्या लक्षात येणार नाही, आणि आलं तरी एवढं काय.

गणिताच्या मास्तरांच्या लक्षात येणार नाही, असं मला वाटलं. बाबा न्हाले, बसले, पडदा उजळला आणि त्यांनी विचारलं, "काल तेवीस होती. आज साठ कशी?"

"मी घेतली."

ते चिडले नाहीत. रिमोट फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "मोडलं."

पुढच्या रविवारी गेले तर टीव्हीवर जळती छावणी दिसत होती. गेम तिथून सुरू होतो. बाबांनी पहिल्यापासून धरला होता. त्या दिवशी मी फार बोलले. हा गेम आहे, पोथी नाही, तुमचा हात बघा, कोणासाठी चाललाय हा हट्ट, असलं सगळं. ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मोडलं की पहिल्यापासून. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. आमच्या घरात वाढलेल्या कोणालाही ते माहीत होतं. लहानपणी माझ्या तापामुळे त्यांचं पारायण मोडलं होतं आणि मी बरी झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिला अध्याय उघडला होता, हे आईनंच मला सांगितलं होतं. तरी मी ते केलं.

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास ते पुन्हा खोऱ्यात आले. पहिलाच पूल. आता एका संध्याकाळी एखादं फूल मिळायचं, एखादे दिवशी तेही नाही. त्या रविवारी ते दोन्ही हातांनी एक बटण दाबायला बघत होते. नायिका फुलाभोवती फिरत होती. एकदा, दोनदा, पाचदा. मला सहन होईना.

"बाबा, ती साठ फुलं मी मनानं ठेवली नव्हती."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. मी सगळं सांगितलं. मंगळवारचा कॉल, दुकान, साहेब, ते शून्य. लोकांना कंटाळा यावा म्हणून वाढवली होती, हेही सांगितलं. वाटेत आईची आठवण व्हावी वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं, हेही.

"आधी किती होती?"

"सहा."

त्यांचे ओठ थोडे हलले. वर्गात फळ्यासमोर उभे राहून ते असेच तोंडच्या तोंडी गणित करायचे. "सातही पूल आठवड्यात झाले असते," म्हणाले. "मी गणपतीच्या आधीच पोचलो असतो."

"हो."

"तेव्हा हात चांगला होता."

मी म्हटलं, हो. मला वाटत होतं, आता तरी हे रागावतील. मला ते हवंच होतं. रागावले असते तर मीही उलट काहीतरी बोलले असते आणि मग दोघांनी चहा घेतला असता.

"आणि तू तेव्हा दर रविवारी इथं शेजारी बसून बघत होतीस," बाबा म्हणाले.