सात दिवसांची सरळ रेघ

एखादा कारखाना एखाद्या जागी उभा राहील की नाही, हे तपासून सांगणं माझं काम. लोकांना वाटतं मी कारखाना आणते. मी बहुतेक वेळा नकार आणते. एकदा सांगलीशेजारच्या माधवनगरजवळ एका पडीक जागेवर जैविक औषधांचा कारखाना काढायचं चाललं होतं. टाक्यांत जिवंत पेशी वाढवायच्या आणि त्यांचं तापमान संगणकानंच सांभाळायचं. वीज जरा डगमगली की आख्खी टाकी वाया. म्हणून साताऱ्याहून जाऊन मी तिथे विजेचा दाब नोंदवणारं यंत्र सात दिवसांसाठी बसवलं.

जागेची राखण एक निवृत्त सुभेदार करायचे. त्यांची मुलगी हैदराबादला अशाच कारखान्यात होती. "म्याडम, हे झालं तर पोरगी घरला येती," हे त्यांनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं. असलं कुणी सांगितलं की मला राग येतो. मग आकडे बघताना त्यांचा चेहरा दिसत राहतो.

आठव्या दिवशी आलेख बघितला. सरळ रेघ! चहूकडे ऊस, त्याला पाणी उपसणाऱ्या मोटारी, आणि दाब एकदाही खाली नाही. शंका यायला हवी होती, पण या वेळी मलाही 'हो' म्हणायचं होतं.

यंत्र काढत होते तेवढ्यात सुभेदार आले.

"आवं म्याडम, चूक झालीया. सात दिस आमी समद्यांनी मोटारी बंद ठेवल्या हुत्या. लाईट आली तरी कुनी बटन दाबलं न्हाई."

घरोघर फिरून त्यांनीच तसं ठरवलं होतं. ऊस तहानलेला, पाणी द्यायची पाळी वाया, आणि सगळं कशासाठी, तर माझ्या यंत्राला गाव नीट दिसावं म्हणून. मला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा आईनं शेजारणीचे पडदे आणून लावले होते, त्यातलीच ही गत. मी भडकलेच.

"मग झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची होती! आता कशाला सांगताय?"

"पोरीला फोनवर कौतुकानं सांगितलं. तर म्हनली, आबा, ते औषध कुनाच्या तरी दंडात जातं. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

"यानं काय होईल, हे तिला माहीत आहे ना?"

"तिलाच तर म्हाईत हाय."

यंत्र पुन्हा लावलं. मोटारी सुरू झाल्या आणि रेघ प्रत्येक पाळीला खाली बसू लागली. सध्याच्या विजेवर ही जागा योग्य नाही, असं मी लिहून दिलं. कंपनीनं दुसरीकडे जागा बघितली.

कळवायला मीच गेले. सुभेदारांनी नेहमीसारखा चहा दिला. म्हणाले, "बरोबरच केलंसा. पोरीशी बोलता? लावू फोन?"

तिला घरापासून लांब ठेवणाऱ्या कागदावर सही माझी होती. मला तिच्याशी बोलायची लाज वाटली. बस चुकेल म्हणून मी उठले. सांगलीतून साताऱ्याकडे दिवसभर गाड्या सुटतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.