संजयच्या फोनवर आलेला बोल्टचा फोटो

मंडळी, संजयला जाऊन आज पंधरा दिवस झाले.

माझ्या नवऱ्याचा छंद तुम्हाला ठाऊक आहे. महायुद्धातल्या जुन्या कार्बाइन बंदुकांचे अस्सल भाग तो नुसत्या फोटोंवरून ओळखायचा. इथे सिंगापुरात खरी बंदूक त्याने कधी हातातही घेतली नाही.

सकाळी त्याच्या फोनवर अमेरिकेतल्या एका संग्राहकाचा मेसेज आला, सोबत त्याच्या कार्बाइनच्या बोल्टचा, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या भागाचा, फोटो आणि बंदूक बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. "हा बोल्ट मूळचाच आहे का?"

मी संजयची वही काढली; कुठला कारखाना भागांवर कुठली अक्षरं ठोकायचा, ते त्याने तिच्यात पानापानावर लिहून ठेवलंय. बोल्टवरचं अक्षर त्या कारखान्याच्या पानावर नव्हतं.

"नंतर बदललेला आहे," मी लिहिलं.

"थँक्स, मित्रा. तू आहेस म्हणून बरं."

मी अंगठा पाठवला आणि आमटीला फोडणी दिली. रडू आलं नाही.

आता त्याला खरं सांगू, की पुढचा फोटो आला की पुन्हा वही उघडू?